हापूसचं आड वर्ष आणि नत्राचा हिशेब

कोकणात हापूसचं कलम एक वर्ष लागतं आणि दुसऱ्या वर्षी रुसतं, म्हणजे 'आड वर्ष' येतं, हे बागायतदाराने पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं. कारण झाडातच आहे. फळांनी लगडलेल्या फांद्या साठवलेलं अन्न आंब्यातच संपवतात. आंबा उतरला की अशा काड्यांवर वेळेत पालवी येत नाही. ती ऑक्टोबरात आली तर थंडीपर्यंत जून, म्हणजे पक्की, होत नाही, आणि जून काडी नसली की मोहोर नाही.

घाटावरचे द्राक्ष बागायतदार हाच प्रश्न कात्रीने सोडवतात. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे नवीन काड्यांसाठी वेल खरडून छाटणं, पावसाळ्यानंतर घडांसाठी फळछाटणी, मग घडांची विरळणी. आणि वेलीला नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती द्यायचं ते पानांच्या देठांची तपासणी (देठ परीक्षण) करून ठरतं. छाटणीनंतरची पहिली फूट बरीचशी खोडा-मुळांतल्या साठ्यावरच निघते, त्यामुळे यंदा घड जास्त ठेवले तर पुढच्या हंगामाचं भांडवल खर्च होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण तीस-चाळीस फुटी हापूसवर चढून कैऱ्या विरळायला जाणार कोण?

त्यामुळे कोकणात पिकाचा भार आवरण्यावर नव्हे, तर तो दरवर्षी यावा यावर भर राहिला. १९५७ साली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झालं, १९७२ साली दापोलीचं कृषी विद्यापीठ. वेंगुर्ल्याने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' दिली. दरवर्षी फळणारी जात मिळाली, पण बाजाराला हापूसच हवा होता. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि कातळावरही कलमं उभी राहिली. त्याच दशकात पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन, म्हणजे आपलं 'कल्टार', बागेत रुजलं.

कल्टार झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, रोखतं. पालवी दबते, अन्न मोहोराकडे वळतं. शिफारस अशी: जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, पाण्यात मिसळून बुंध्याभोवतीच्या पंचवीस-तीस खड्ड्यांत. त्याच्या जोडीला दहा वर्षांवरच्या झाडाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि एक किलो पालाश (पोटॅश). पहिला भाग सगळ्यांनी उचलला. दुसरा, माझ्या मते, निम्म्या बागांनीही नाही. दरवर्षी पीक घ्यायचं म्हणजे दरवर्षी परतफेड करायची, हे गणित मागेच पडलं. त्यातून जांभ्याची जमीन आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे घातलेल्या नत्रातलंही बरंच वाहून किंवा झिरपून जातं.

उलट टोकही आहेच. पीक कमी आलं म्हणून घाबरून पावसाळ्याच्या शेवटी युरिया ओतला, तर झाड पालवीवर जातं आणि मोहोर आणखी लांबतो. भाराचं वर्ष आणि आड वर्ष यांना एकच मात्रा कशी लागू पडेल? पानं तपासून घेणारा आंबा बागायतदार मात्र अजून विरळाच.

सगळ्यात वाईट गत कराराने दिलेल्या बागांची. बाग एका हंगामापुरती घेणाऱ्याकडून कल्टारचा जादा डोस बसतो, काड्यांची पेरी आखडतात, मोहोर गुच्छासारखा येतो. एका हंगामाचा करार मेअखेर संपतो आणि खतं घालायची असतात जूनमध्ये, त्यामुळे तो खर्च कुणाच्याच खात्यात पडत नाही.