मुळेच्या मॉडेलमध्ये पाणी जास्त का येतं?

पुण्याच्या मुळा-मुठा खोऱ्याचं ‘स्वॉट’ मॉडेल (खोऱ्यात पडलेल्या पावसाचं काय होतं याचा हिशेब करणारा संगणकीय कार्यक्रम) चालवलं आणि प्रवाह मोजलेल्यापेक्षा फुगून आला, की हात आधी कर्व्ह नंबरकडे जातो. पडलेल्या पावसातलं किती पाणी जमिनीवरून वाहून जाईल, हे हा आकडा ठरवतो. १०० मिमी पावसात कर्व्ह नंबर ८५ असेल तर ६१ मिमी अपधाव (जमिनीवरून वाहणारं पाणी) निघतो. ७५ केला की ४१. आलेख जुळतो, अहवाल तयार!

पण मुळेवरच्या मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राकडे जातं. मॉडेलला हे सांगितलंच नसेल, तर तिकडे गेलेलं पाणी आपण मातीत मुरवून मोकळे होतो. पुढे याच मॉडेलला ‘शहर वाढलं तर पूर किती वाढेल?’ विचारलं, की उत्तर चुकणारच. म्हणून कॅलिब्रेशनआधी, म्हणजे मॉडेलचे आकडे बदलून ते मोजलेल्या प्रवाहाशी जुळवण्याआधी, वर्षाचा ताळेबंद मांडावा: पाऊस, बाष्पीभवन, मोजलेला विसर्ग, कालवे, शहराचा उपसा, खोऱ्याबाहेर वळवलेलं पाणी.

पावसाचीही अशीच गंमत. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी, तर घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. स्वॉट प्रत्येक उपपाणलोटाला (खोऱ्याच्या लहान तुकड्याला) त्याच्या मध्याजवळच्या पर्जन्यमापकाचा पाऊस देतं. घाटात मापक नसेल तर मॉडेलमध्ये घाटातल्या ताम्हिणीवर पुण्याचा पाऊस पडतो, आणि ही तूट कुठलाही कर्व्ह नंबर प्रामाणिकपणे भरून काढू शकत नाही.

ताळेबंद बसला की पहिली २-३ वर्षं मॉडेल नुसतं चालू द्यावं. माती आणि भूजलाचे सुरुवातीचे आकडे अंदाजाने भरलेले असतात, ते तेवढ्यात स्थिरावतात. उरलेल्या नोंदींचा एक भाग कॅलिब्रेशनला, दुसरा पडताळणीसाठी अस्पर्श.

जुळणी सहसा नॅश-सटक्लिफ निर्देशांकाने मोजतात. १ म्हणजे तंतोतंत. मासिक प्रवाहाला ०.५ च्या वर समाधानकारक मानतात. त्यात चुकांचा वर्ग होत असल्याने पुराचे दिवस बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. एप्रिलमध्ये कोरडा पडणारा ओढा मॉडेलमध्ये वाहत असला, तरी गुण ०.८ मिळू शकतात. त्यासाठी कोरड्या महिन्यांचा आलेख लॉग मापावर (ज्यात लहान प्रवाहही ठळक दिसतात) वेगळा काढून बघावा.

खडकवासला धरणाखालच्या नोंदींवर मात्र मातीचे आकडे बसवू नयेत. तिथला प्रवाह बराचसा दरवाजे कधी उघडले यावर ठरतो. धरणाचा नोंदलेला विसर्ग मॉडेलला थेट द्यावा आणि कॅलिब्रेशन धरणांच्या वरच्या अंगाला, मुक्त वाहणाऱ्या ओढ्यांवर करावं.