विमानांमधील सुरक्षित अंतराचा भंग

हवाई वाहतूक नियंत्रणाखाली उडणाऱ्या दोन विमानांमधले अंतर ठरवून दिलेल्या किमान मर्यादेच्या खाली आले, की सुरक्षित अंतराचा भंग झाला असे मानतात. वर्तमानपत्रात अशा घटनेला ‘हवेतली टक्कर थोडक्यात टळली’ असा मथळा मिळतो. बहुतेक वेळा तो अतिशयोक्त असतो. भंग म्हणजे मापाचे उल्लंघन. टक्करीचा धोका किती होता, हे दोन्ही विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत होते की दूर जात होते यावर ठरते.

हे अंतर उभे किंवा आडवे, यांपैकी एक असले तरी पुरते. उभे अंतर सर्वसाधारणपणे 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात पूर्वी ते 2000 फूट होते. उंचीमापके अधिक अचूक झाल्यावर भारताने 2003 च्या नोव्हेंबरात तिथेही 1000 फूट लागू केले. आडवे अंतर रडारवर दिसणाऱ्या विमानांसाठी हवाई मार्गांवर साधारण 5 सागरी मैल आणि विमानतळाच्या परिसरात 3 सागरी मैल असते. अरबी समुद्रावर, किनाऱ्यावरच्या रडारच्या टप्प्यापलीकडे, विमानांनी कळवलेल्या स्थाननोंदींवर विसंबावे लागते. म्हणून तिथे उपग्रहाद्वारे संपर्कात असलेल्या विमानांतही 50 सागरी मैलांसारखी मोठी अंतरे ठेवतात. 5 मैल ऐकायला भरपूर वाटतात. पण समोरासमोर येणारी, ताशी 900 किलोमीटर वेगाची दोन जेट विमाने हे सव्वानऊ किलोमीटर साडेअठरा सेकंदांत संपवतात. एक चुकीची सूचना, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवणे (पुनरुक्ती) आणि ती दुरुस्त करणारे वाक्य, एवढ्यातच तो वेळ जातो.

गोव्याचे आकाश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात, म्हणजे मुंबई केंद्राच्या जबाबदारीच्या हवाई विभागात येते. गोव्याचा दाबोळी विमानतळ हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथले हवाई नियंत्रणही नौदलाकडे आहे आणि प्रवासी विमाने लढाऊ मिग-29के आणि टेहळणीची डॉर्निअर, पी-8आय यांच्याबरोबर एकच धावपट्टी वापरतात. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत त्यामुळेच पडली. जानेवारी 2023 मध्ये पेडणे तालुक्यातील मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. तिथल्या टॉवरवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक असतात. दोन्ही धावपट्ट्यांत सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटरच अंतर आहे. उत्तरेला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ, घाट ओलांडला की बेळगावचा सांबरा विमानतळ. गोव्यात या विषयाचा कळीचा मुद्दा इथे आहे. विमानांची संख्या मुंबईच्या तुलनेत कमी, पण एवढ्याशा आकाशात दोन वेगळ्या यंत्रणांना एकमेकींशी सतत समन्वय ठेवावा लागतो. एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे विमान सोपवण्याचा क्षण हा जगभर सर्वांत नाजूक मानला जातो. पावसाळ्यात हे काम आणखी अवघड होते: गडगडाटी ढग चुकवायला वैमानिक दहा-वीस मैल बाजूला जाण्याची परवानगी मागतात, पूर्वेला सह्याद्रीमुळे फार खाली उतरता येत नाही आणि सगळ्यांना एकाच वेळी समुद्राची बाजू हवी असते.

यंत्र बिघडल्यामुळे असा भंग क्वचितच होतो. ठरलेल्या उंचीच्या वर-खाली जाणे, सारख्या ऐकू येणाऱ्या उड्डाण क्रमांकांची गल्लत, सूचनेची चुकीची पुनरुक्ती नियंत्रकाच्या कानातून निसटणे ही नेहमीची कारणे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरयाणात चरखी दादरीवर 14,000 फुटांवर राहण्याची सूचना मिळालेले सौदी जम्बो प्रवासी विमान आणि 15,000 फुटांवर थांबायला सांगितलेले, पण त्याखाली उतरलेले कझाक मालवाहू विमान यांची टक्कर होऊन 349 जण ठार झाले. दिल्लीला तेव्हा विमानाची उंची दाखवणारे दुय्यम रडार कार्यरत नव्हते. येणारी व जाणारी विमाने एकाच हवाई मार्गिकेतून जात. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर मार्गिका वेगळ्या झाल्या आणि भारतात टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली.

टीकॅस नावाची ही यंत्रणा नियंत्रकावर अवलंबून नाही. दोन्ही विमानांतील उपकरणे आपसांत ठरवून एकाला ‘क्लाइम्ब’ तर दुसऱ्याला ‘डिसेंड’ सांगतात. तिचे ऐकायचे की नियंत्रकाचे, हा प्रश्न 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील युबरलिंगनवर दोन विमानांच्या टक्करीत 71 बळी घेऊन सुटला. टीकॅस वर जायला सांगत असताना रशियन वैमानिकांनी नियंत्रकाच्या सूचनेप्रमाणे विमान खाली नेले. आता टीकॅसचा आदेश आल्यावर तोच पाळायचा आणि तो संपेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला वेगळी सूचना द्यायची नाही, असा नियम आहे.

त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला गोव्यात नौदलाची दोन आयएल-38 टेहळणी विमाने दाबोळीजवळ एकमेकांवर आदळली. त्यांतील बाराही जण दगावले. गोव्यात या विषयाची चर्चा निघाली की हा अपघात हमखास आठवतो, मात्र तो या व्याख्येत बसत नाही: ती विमाने संचलनासाठी मुद्दाम जवळून उडत होती आणि अशा रचनेत परस्पर अंतराची जबाबदारी वैमानिकांचीच असते.

प्रवासी विमानांच्या बाबतीत अंतर धोक्याचे वाटले, तर त्या प्रसंगाची ‘एअरप्रॉक्स’ म्हणून नोंद होते. रडारच्या नोंदी आणि संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवतात, संबंधित नियंत्रकाला चौकशीपुरते कामावरून दूर करतात आणि घटनेला चारपैकी एक श्रेणी देतात: टक्करीचा धोका होता, सुरक्षिततेची खात्री नव्हती, धोका नव्हता, किंवा पुराव्याअभावी धोका ठरवता आला नाही.