चाटण वीट

चाटण वीट : यूरिया, उसाची मळी, मीठ, खनिज मिश्रण आणि पेंड वा कोंडा एकत्र करून घट्ट केलेले पूरक पशुखाद्य. गव्हाणीत किंवा दावणीजवळ ठेवलेली ही वीट गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे चाटून खातात. नुसत्या मिठाच्या वा क्षारांच्या विटेलाही बाजारात चाटण वीटच म्हणतात. येथे यूरियायुक्त विटेचा विचार केला आहे.

ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, गव्हाचा भुसा या वैरणींत कच्ची प्रथिने (एकूण नायट्रोजनावरून काढलेले प्रथिनांचे प्रमाण) कोरड्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्केच असतात. प्रमाण ७ टक्क्यांच्या खाली गेले की कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना नायट्रोजन कमी पडतो, तंतूंचे पचन मंदावते, पोट रिकामे होण्यास वेळ लागतो आणि जनावर वैरण कमी खाते. म्हणजे समोर कडबा भरपूर असूनही ते अर्धपोटी राहते. वीट प्रथम पोसते ती या सूक्ष्मजीवांना. जनावराला फायदा होतो तो त्यांच्यामार्फत. यूरियाचे कोटीपोटात यूरीएज या एंझाइमामुळे अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांत विघटन होते, सूक्ष्मजीव त्या अमोनियापासून आपली प्रथिने बांधतात आणि पुढे आतड्यात हे सूक्ष्मजीवच पचून जनावराला अमिनो अम्ले मिळतात.

प्रथिन नसलेल्या नायट्रोजनाचा असा उपयोग होतो ही कल्पना मांडण्याचे श्रेय सामान्यतः जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक नाथान झुंट्स यांना (१८९१) देतात. पहिल्या महायुद्धात पेंडीची टंचाई झाल्यावर जर्मनीत यूरियाकडे लक्ष वळले. तरीही सर्व आवश्यक अमिनो अम्ले कोटीपोटात तयार होतात का, ही शंका बराच काळ राहिली. कॉर्नेल विद्यापीठातील लूस्ली व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये, यूरिया हाच नायट्रोजनाचा स्रोत असलेल्या आहारावरील मेंढ्यांत ही अम्ले तयार होत असल्याचे दाखविले. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९६६ मध्ये प्रथिनरहित आहारावर गायी दूध देऊ शकतात हे प्रसिद्ध केले. तत्त्वाचा प्रश्न तेथे संपला.

विटेचे जनकत्व मात्र कोणा एकाकडे देता येत नाही. यूरिया व मळीची चाटणे दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात १९५० ते १९६० च्या दशकांत कोरड्या हंगामातील कुरणांवर वापरली जात होती. त्यांतील काही पातळ, तर काही घट्ट स्वरूपात होती. भारतीय लेखनात पुष्कळदा आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळापासून सुरुवात मानतात. तेथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियन पशुपोषणतज्ज्ञ आर. ए. लेंग आणि मंडळाचे पी. जे. जी. कुंजू यांच्या कामातून गरम पद्धतीची (घटक तापवून केलेली) वीट पुढे आली. कारखान्यात बनवून दूध संस्थांमार्फत लहान गोठ्यांपर्यंत नेण्याच्या बाबतीत हा दावा योग्य वाटतो. मूळ कल्पनेच्या बाबतीत नाही.

विटेचा परिणाम नेमका कशामुळे होतो याविषयीही मतभेद आहेत. सॅटर व स्लायटर यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेतील किण्वनपात्रांवरून सूक्ष्मजीवांच्या वाढीला दर लिटर कोटीपोटरसात सुमारे ५० मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजन पुरतो असे दाखविले. लेंग यांच्या मते निकृष्ट वैरण जास्तीत जास्त खाल्ली जाण्यासाठी ही पातळी २०० मिग्रॅ.पर्यंत असावी लागते. पहिला आकडा सूक्ष्मजीवांच्या वाढीचा, तर दुसरा वैरणीच्या सेवनाचा. कडबा-पेंढ्यावरील जनावरांसाठी दुसरा अधिक उपयोगी ठरतो. मळीतील ऊर्जेला दिले जाणारे महत्त्व मात्र अवास्तव आहे. दिवसाला पोटात जाणारी दोन-सव्वादोनशे ग्रॅम मळी चव आणते, बांधणीला मदत करते, पण ऊर्जा म्हणून तिचा हिस्सा किरकोळ असतो.

घटक : आणंद पद्धतीच्या मूळ सूत्रात मळी ४५, यूरिया १५, खनिज मिश्रण १५, सरकी पेंड १०, मीठ ८, कॅल्साइट भुकटी ४ व बेंटोनाइट ३ टक्के असे प्रमाण आढळते. यूरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. प्रथिनात तो सरासरी १६ टक्के धरून ६·२५ ने गुणल्यास १०० ग्रॅ. यूरिया सुमारे २८७ ग्रॅ. कच्च्या प्रथिनांशी समतुल्य ठरतो. ४०० किग्रॅ. वजनाची गाय ४ टक्के प्रथिनांचा ८ किग्रॅ. कडबा खात असेल, तर तिला कडब्यातून ३२० ग्रॅ. कच्ची प्रथिने मिळतात. दिवसाला ५०० ग्रॅ. वीट चाटल्यास ७५ ग्रॅ. यूरियातून सुमारे २१५ ग्रॅ.ची भर पडते. त्याच ५०० ग्रॅ. मध्ये ७५ ग्रॅ. खनिज मिश्रण असते व त्यात १२ टक्के फॉस्फरस असल्यास ९ ग्रॅ. फॉस्फरस मिळतो. गायीच्या दर लिटर दुधातून जवळजवळ १ ग्रॅ. फॉस्फरस बाहेर जातो, हे लक्षात घेतल्यास हा आकडा लहान नाही. गंधकयुक्त अमिनो अम्लांसाठी गंधकही लागतो. नायट्रोजनाच्या दर १० ते १५ भागांस १ भाग गंधक असावा. मळीतून तो थोडा मिळतो, उरलेला खनिज मिश्रणातील सल्फेटांतून यावा लागतो.

कृती : गरम पद्धतीत मळी व इतर घटक साधारण १००–१२०° से.पर्यंत तापवून साच्यात ओततात. थंड होताना वीट घट्ट होते. तापमान यापुढे गेल्यास यूरियाचे विघटन होऊन अमोनियाचा उग्र वास येतो. गावपातळीवर थंड पद्धत सोयीची. तिचे एक प्रचलित सूत्र मळी ५०, गव्हाचा कोंडा २५, यूरिया १०, कळीचा चुना किंवा सिमेंट १० व मीठ ५ टक्के असे आहे. यात वेगळे खनिज मिश्रण नसते. ते घालायचे असल्यास कोंडा तेवढा कमी करतात. घटक मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मळीत प्रथम यूरिया टाकून खडे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळतात, मग मीठ व खनिजे, त्यानंतर चुना किंवा थोड्या पाण्यात कालवलेले सिमेंट आणि शेवटी कोंडा. साच्यातून वीट दुसऱ्या दिवशी काढून सावलीत तीन-चार दिवस वाळवितात. यूरियाचा खडा तसाच राहिला तर विटेच्या त्या एका भागात मात्रा कित्येक पटींनी वाढते.

वीट घट्ट न होण्याचे नेहमीचे कारण पातळ मळी हे आहे. ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे टक्के प्रमाण) ८० ते ८५ च्या खाली गेलेली, म्हणजे पाणी शिरलेली मळी वापरू नये. सिमेंटाबाबत आणखी एक अडचण आहे. साखर सिमेंटाचे घट्ट होणे लांबविते, हे बांधकाम क्षेत्रात सर्वज्ञात आहे. मळीत साखर भरपूर असल्याने सिमेंटाची वीट चुन्याच्या विटेपेक्षा उशिरा बांधली जाते. कडकपणा हा येथे केवळ दिसण्याचा भाग नव्हे, मात्रा ठरविणारी ती मुख्य यंत्रणा आहे. वीट फार कडक झाली तर जनावर पुरेसे चाटत नाही. मऊ राहिली तर चावून, तोडून खाते.

विषबाधा : वरील १५ टक्के यूरियाची ३ किग्रॅ.ची अख्खी वीट खाल्ली गेली तर पोटात ४५० ग्रॅ. यूरिया जातो. सवय नसलेल्या जनावराला शरीरवजनाच्या दर किग्रॅ.स ०·३ ते ०·५ ग्रॅ. यूरिया एकदम गेल्यास विषबाधा होऊ शकते व १ ते १·५ ग्रॅ. मारक ठरतो. अमोनिया सूक्ष्मजीवांच्या वापरापेक्षा वेगाने सुटतो, कोटीपोटाचा सामू (पीएच) वाढतो आणि अमोनिया रक्तात शोषला जातो. साधारण २० मिनिटे ते १ तासात लाळ व फेस, स्नायूंची थरथर, पोटफुगी, धाप, झटके ही लक्षणे दिसतात. मोठ्या जनावराला २० ते ४० लि. थंड पाणी व २ ते ६ लि. ५ टक्के ॲसिटिक अम्ल (व्हिनेगर) देतात. थंडीने यूरीएजची क्रिया मंदावते, अम्लामुळे अमोनियाचे सहज शोषल्या न जाणाऱ्या अमोनियम रूपात परिवर्तन होते. झटके येणाऱ्या जनावराला बाटलीने पाजल्यास द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ते काम पशुवैद्याने नळीद्वारे करणे योग्य.

म्हणून वीट उपाशी जनावरापुढे ठेवीत नाहीत. आधी वैरण, मग पहिले काही दिवस तास-दोन तास वीट, अशी १० ते १५ दिवसांत सवय लावतात. प्रौढ गाय-म्हशीने दिवसाला साधारण ५०० ते ७०० ग्रॅ., शेळी-मेंढीने १०० ग्रॅ.च्या आसपास चाटणे अपेक्षित असते. वीट पाण्यात विरघळवून किंवा कुस्करून आंबोणात घालू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये यूरीएज असल्याने ते यूरियाबरोबर देत नाहीत. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे व डुकरे यांना ही वीट वर्ज्य आहे.

खनिजांची बाजू : फॉस्फरसाच्या अभावी जनावरे हाडे, चिंध्या, माती चघळतात, यालाच पायका म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास दाखविले की, तेथील ‘लामझीक्त’ हा पक्षाघाती रोग कुजक्या हाडांतील बोटुलिझम विषामुळे होतो, पण हाडे खाण्याची ओढ फॉस्फरसाच्या कमतरतेतून येते. राजस्थानात जैसलमेर भागातील गायींचा ‘कर्रा’ रोगही याच साखळीतला. पश्चिम महाराष्ट्रात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. उसाच्या वाढ्यांतील (शेंड्याकडील हिरव्या भागातील) ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, यावर वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो. त्यातून कॅल्शियम मिळते. फॉस्फरस, जो वाढ्यांत मुळातच कमी असतो, मिळत नाही. दुभत्या म्हशीत व्याल्यानंतरच्या काही आठवड्यांत फॉस्फरस घटून तांबड्या रक्तपेशी फुटतात व लघवी कॉफीच्या रंगाची होते. गोचीडतापातही लघवी लाल होत असल्याने रक्तकाचेच्या (काचपट्टीवर घेतलेल्या रक्ताच्या) तपासणीशिवाय निदान करू नये.

खनिज मिश्रणासाठी भारतीय मानक आयएस १६६४ लागू आहे. त्यात फ्ल्युओरिनाची कमाल मर्यादाही घातलेली आहे, कारण फॉस्फरसासाठी डायकॅल्शियम फॉस्फेटाऐवजी स्वस्त कच्चे रॉक फॉस्फेट वापरल्यास फ्ल्युओरिनामुळे कालांतराने दात झिजतात व सांधे आखडतात.

मर्यादा : हिरवा चारा व पेंड पुरेशी मिळणाऱ्या जनावरात विटेतील यूरिया बव्हंशी वाया जातो व लघवीवाटे निघून जातो. दिवसाला ८ ते १० लिटरपेक्षा जास्त दूध देणाऱ्या गायीची गरज केवळ सूक्ष्मजीव प्रथिनांतून भागत नाही. तिला कोटीपोटात न फुटता आतड्यापर्यंत पोहोचणारी प्रथिने पेंडीतूनच द्यावी लागतात. वीट खरी उपयोगी पडते ती भाकड गाई, बैल, वाढत्या कालवडी व टंचाईच्या काळात कडब्यावर काढलेली जनावरे यांना. महाराष्ट्रात मळी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली असल्याने साखर कारखाना शेजारी असला, तरी गावपातळीवर वीट बनविणाऱ्याला ती परवान्याशिवाय उचलता येत नाही.