एमपीआय ट्रेसर: बाटली उघडण्यापूर्वी

मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग, म्हणजे एमपीआय, हे तंत्र बर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गेन वायझेनेकर यांनी हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतून २००५ साली मांडले. यात शरीराच्या ऊती काहीच सिग्नल देत नाहीत. दिसतात ते फक्त टोचलेले लोहऑक्साइडचे कण, म्हणजेच ट्रेसर. त्यामुळे मेंदूतला रक्तप्रवाह, आतला रक्तस्राव किंवा सोडलेल्या पेशी कुठे पोचल्या, हे उजळ दिसते. एमआरआयमध्ये हेच लोह काळा डाग होऊन येते, आणि फुप्फुसातली हवाही काळीच. मात्र एमपीआयमध्ये अवयव दिसत नाहीत. जोडीला सीटी किंवा एमआरआय लागतेच.

केवळ लोहाचे प्रमाण बघून ट्रेसर निवडू नये. तेवढेच लोह असूनही दोन ट्रेसरचे सिग्नल फार वेगळे येतात, कारण सगळा खेळ कणाच्या गाभ्याचा आहे. साधारण २५ नॅनोमीटरचा गाभा चांगला. १० च्या खालचा क्षीण पडतो. फार मोठा बदलत्या चुंबकीय क्षेत्राबरोबर वेळेत वळत नाही आणि प्रतिमा पसरते. डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणाचा आकार मोजणाऱ्या) यंत्राचा आकडा आवरणासकट असतो, त्यावरून गाभा ठरवू नका.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका. गोठल्यावर कणांच्या गुठळ्या होतात. तळाशी गाळ दिसला तर ती बाटली बाद समजा. मिसळायला उलटसुलट करणे पुरते. मॅग्नेटिक स्टरर कधीच नको: कण ढवळकांडीला चिकटतात आणि उरलेले द्रावण पातळ होते, जे डोळ्यांना कळतही नाही.

कण पेशींमध्ये भरायचे असल्यास कॅलिब्रेशन (सिग्नलवरून प्रमाण ठरवण्याचे मोजमाप) पाण्यातल्या कणांवर करू नका. पेशीत कण दाटीने बसतात, वळायला जागा राहत नाही, सिग्नल बदलतो. माहीत संख्येच्या भरलेल्या पेशींचीच मालिका करा.

हे कण मूत्रपिंडातून जात नाहीत, यकृतात साठतात. यकृत इतके उजळते की शेजारचे झाकले जाते. यकृताशेजारचा प्रयोग असेल तर टोचल्यानंतर लगेच स्कॅन घ्या.

उंदराच्या पोटात ट्रेसर न देताही ठिपके दिसले, तर आधी खाद्य तपासा. त्यातल्या लोहाचाही सिग्नल येतो. स्कॅनपूर्वी उपाशी ठेवण्याची परवानगी नीतिसमितीकडून आधीच घ्या, आणि ट्रेसर देण्यापूर्वीचा एक कोरा स्कॅन नेहमी घ्या.

हे उत्पादन संशोधनापुरते आहे. माणसाला टोचू नये.