नाडी लागत नाही, तरी माणूस गप्पा मारतोय

धरमपेठेत तर्री-पोहे खाताना एकाने हृदयाला बसवायच्या पंपाबद्दलचा तोच जुना फॉरवर्ड पुन्हा वाचून दाखवला: ‘पंप बसवला की हृदय काढून टाकतात, नाडी बंद, माणूस निव्वळ बॅटरीवर.’ बॅटरीचं खरं, नाडीचं अर्धं खरं, हृदयाचं मात्र साफ खोटं, भाऊ.

हा पंप, एलव्हॅड, म्हणजे कमजोर हृदयाला मदत करणारं यंत्र. तो हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला जोडतात. हृदय जागेवरच राहतं, जमेल तसं धडधडतंही. पंप तिथलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. पोटाच्या कातडीतून निघालेली वायर बाहेरच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते.

मग नाडी? सुरुवातीचे पंप हृदयासारखे ठोके देत. आताच्या पंपात चक्र अखंड फिरतं, मिनिटाला हजारो फेरे. ‘हार्टमेट ३’ नावाच्या पंपात तर ते चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगतं. रक्त नळाच्या धारेसारखं सलग वाहतं, म्हणून मनगटावर बोटाला ठोका लागेलच असं नाही. रक्तदाबाचं नेहमीचं यंत्रही गडबडतं, ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारा डॉपलर लावावा लागतो. गंमत म्हणजे हाच ‘हार्टमेट ३’ दर २ सेकंदांनी वेग बदलून मुद्दाम छोटी लाट आणतो, आत रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून.

छातीला स्टेथोस्कोप लावा, बारीक घरघर ऐकू येते.