'घेणार का' पासून 'काय घेणार' पर्यंत

टेबलाशी आलेला वेटर स्टार्टर घेणार का, असं कधी विचारत नाही. तो विचारतो, ''स्टार्टर में क्या लेंगे, सर?'' 'का'चा 'काय' झाला की वाक्यातून 'नको' म्हणायची जागाच निघून जाते. पाण्याचंही तेच. ''मिनरल की रेग्युलर?'' चारचौघांत 'रेग्युलर' म्हणताना उगाच कंजूष ठरल्यासारखं होतं, त्यात समोर व्याही बसलेले असले तर विचारूच नका. मोठ्या हॉटेलांत हे प्रश्न त्या पोराला शिकवलेले असतात. मुंबईत बाहेर खाण्याची सुरुवात मात्र नेमकी उलट्या हिशेबाने झाली होती.

गिरणगावातली खानावळ घ्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार गाळ्यात राहायचा आणि जेवायला एखाद्या बाईकडे महिना बांधायचा. पैसे महिन्याचे, ठरलेले. म्हणजे जेवणाऱ्याने चपाती जास्त खाल्ली तर तोटा खानावळवालीचा. तिने 'आणखी काय देऊ?' विचारलं तर त्यात धंदा नव्हता, फार तर माया होती. या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, कामगार पांगले आणि महिना बांधून जेवण्याची ती रीतही आटत गेली.

इराण्याकडे हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक वस्तूला स्वतंत्र दर आणि एका चहावर, ब्रून मस्कावर तासभर बसायची मुभा. कयानी 1904 ची, ब्रिटानिया 1923 ची. त्या काळात जागेच्या भाड्याचं मीटर आजच्यासारखं टेबलाखाली पळत नव्हतं. आणि टपरीवरचा कटिंग? पूर्ण कप नको असेल तर अर्धा घ्या, अर्ध्याचे पैसे द्या. कमी मागण्यासाठी या शहराने स्वतंत्र शब्दच पाडला. तसाच उडप्याकडचा 'वन बाय टू': एक सूप, दोन वाट्या, आणि मागणाऱ्याकडे कोणी वर मान करून बघत नाही. मला विचाराल तर मुंबईची खरी खाद्यसंस्कृती वडापावापेक्षा या दोन शब्दांत जास्त आहे.

मग जास्तीच्या ताटाला आपण इतक्या लवकर बळी कसे पडलो? थोडा दोष आपल्या पंगतीचाही. आग्रह हा आपल्याकडे पाहुणचाराचा भाग. पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं लाजेचं, खरं 'नको' तिसरं, आणि तेही पानावर हात आडवा धरल्याशिवाय वाढणाऱ्याला पटत नाही. घरच्या पंगतीत या ओढाताणीचं बिल येत नसे. वेटरचा आग्रह ऐकताना कान तोच, सवय तीच. 'सर, ये तो हमारे यहाँ का स्पेशल है' म्हटलं की आपण पाहुण्यासारखे विरघळतो.

मोठ्या आकाराचं गणित मात्र परदेशी. त्याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट शिकागोच्या सिनेमागृहांतली, 1960 च्या दशकातली. डेव्हिड वॉलरस्टीन नावाच्या व्यवस्थापकाला पॉपकॉर्नचा खप वाढवायचा होता. एकावर एक फुकटसारख्या युक्त्या करूनही लोक दुसरी पिशवी घेईनात. त्याच्या लक्षात आलं की लोकांना आणखी खायचं असतं, पण दुसऱ्यांदा उठून मागायला लाज वाटते, हावरट दिसू अशी. त्याने एकच पिशवी मोठी केली. लाज गेली, खप वाढला. हाच माणूस पुढे मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेला आणि तिथेही फ्राईजचा मोठा आकार आणण्यासाठी त्याने मालक रे क्रॉक यांची समजूत घातली. धंद्याच्या बाजूने यात तोटा काहीच नाही: बटाटा, मका, साखरेचं पाणी स्वस्त, महाग असतं ते भाडं आणि पगार, आणि ते ग्लास मोठा केल्याने वाढत नाहीत. दहावीस रुपये जास्त घेऊन दिलेल्या मोठ्या ग्लासातले बहुतेक पैसे गल्ल्यातच राहतात.

मुंबईत हे गणित 1996 मध्ये आलं. त्या वर्षी वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्स उघडलं. 'मील कर दूँ?', म्हणजे बर्गरला फ्राईज आणि पेय जोडून देऊ का, हे तीन शब्दांचं वाक्य आपल्या कानांवर पडलं ते या काउंटरांवर. पुढे ते कुठवर झिरपलं हे पावभाजीच्या गाडीवर दिसतं. पूर्वी तव्यावर लोणी पडायचंच. आता 'साधी' हा गरिबाचा पर्याय, मग बटर, मग चीज, मग चीजबटर, आणि गाडीवाला हातात पाकीट धरून विचारतो, ''चीज मारू?''

मोठं ताट पुढ्यात आलं की माणूस जास्त खातो, हेही मोजून झालं आहे. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना मॅकरोनी-चीज 500 ग्रॅमपासून 1000 ग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या मापात दिलं. सर्वांत मोठ्या मापाला त्यांनी सर्वांत लहान मापापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. (लहान ताट वापरा म्हणजे आपोआप कमी खाल, हे सांगणारं बरंच प्रसिद्ध संशोधन ब्रायन वॅनसिंक यांचं, त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले, म्हणून तो सल्ला जरा जपूनच.)

सरकार आणि कोर्टं यात आली ती तुकड्यातुकड्यांनी. 2017 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांनी ताटात किती वाढावं यावर बोलायला सुरुवात केली. गदारोळ झाला, विषय बारगळला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेलात बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येतं, कारण तिथे गिऱ्हाईक नुसती बाटली घ्यायला जात नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतं. 'मिनरल की रेग्युलर'चं बळ तिथून आणखी वाढलं. मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेता यावं म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्रात मोठी धुमश्चक्री झाली. शेवटी जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिएटरवाल्यांचा मनाई करण्याचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला सांगितलं. 2020 च्या नियमांनी दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक केलं; त्या आकड्यांचा टाइप किती बारीक असतो ते चष्मा लावून पाहावं. सेवा शुल्क बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं.

गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉटेलात आम्ही पाच जण बसलो. वेटर बाटली घेऊनच आला, एक हात झाकणावर. सील 'कट्' करायच्या आत बाबांनी पेल्यावर तळहात आडवा धरला, पंगतीत धरतात तसा. ''साधं पाणी आण बाळा. आणि दोन सूप, वन बाय टू.'' माझ्या भाच्याने मान खाली घातली. वेटर हसला, बाटली काखेत घालून आत गेला आणि साध्या पाण्याचा जग घेऊन आला.