शेल नेमकी कोणती फाइल वाचतो?

नवं सॉफ्टवेअर टाकताना सूचनांमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'ही ओळ .बॅशआरसीमध्ये लिहा आणि टर्मिनल पुन्हा उघडा.' काहींचं काम होतं, काहींचं होत नाही. ज्यांचं होत नाही ते मग तीच ओळ .प्रोफाइलमध्ये, .बॅश_प्रोफाइलमध्ये, सापडेल त्या फाइलमध्ये चिकटवत सुटतात. हा ताईत बांधण्याचाच प्रकार. गुण आला तरी कशानं आला ते कळत नाही.

आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल. असे शेल अनेक आहेत, त्यांतला एक बॅश. सुरू होताना तो दोन गोष्टी तपासतो: आपण लॉगिन शेल (मुळात, खात्यात लॉगिन केल्यावर मिळणारा शेल) आहोत का, आणि समोर कुणी टाइप करणारं आहे का, म्हणजे शेल इंटरॲक्टिव्ह आहे का. सुरुवातीला वर सांगितलेल्यांपैकी कोणती फाइल वाचायची ते यावरून ठरतं.

पण आपण लॉगिन शेल आहोत हे त्याला कळतं कसं? मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते. युनिक्समध्ये कुठलाही प्रोग्राम सुरू करताना त्याला आर्ग्युमेंटची, म्हणजे सोबतच्या शब्दांची, यादी दिली जाते. यादीत शून्याव्या जागी त्या प्रोग्रामचं स्वतःचं नाव असतं. गंमत अशी की हे नाव सुरू करणारा ठरवतो आणि ते खरंच असावं असा कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, आग्रह नसतो. लॉगिन करून देणारा प्रोग्राम याचा फायदा घेतो आणि 'बॅश' ऐवजी '-बॅश' असं नाव पुढे करतो. बॅश आपल्या नावाचं पहिलं अक्षर बघतो. तिथं डॅश असला की तो लॉगिन शेल! '-एल' हा पर्याय देऊनही हे साधतं, पण डॅशची युक्ती जुनी आहे. १९७९ च्या व्हर्जन ७ युनिक्समधला स्टीफन बोर्न यांचा शेलही तीच वापरत होता. तुमच्या टर्मिनलवर एको लिहून पुढे डॉलर आणि त्याला चिकटून शून्य द्या, नाव दिसेल.

लॉगिन शेल आधी सर्वांसाठीची /ईटीसी/प्रोफाइल वाचतो. मग होम डिरेक्टरीत, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमानं शोधतो आणि वाचता येईल अशी पहिली मिळाली की थांबतो. पुढच्या फाइली उघडतसुद्धा नाही. त्यामुळे एखाद्या इन्स्टॉलरनं नवी .बॅश_प्रोफाइल बनवली की इतकी वर्षं चालणारी .प्रोफाइल मुकाट्यानं बाद होते. या यादीत .बॅशआरसी नाहीच. ती लॉगिन नसलेल्या इंटरॲक्टिव्ह शेलसाठी आहे, म्हणून बरेच जण .बॅश_प्रोफाइलमधूनच ती सोर्स करतात, म्हणजे तिथूनच वाचायला लावतात.

अशी विभागणी कशासाठी? एका प्रोसेसमधून दुसरा प्रोग्राम सुरू झाला की एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली मूल्यं) त्याला वारशानं मिळतात, एलियस (कमांडना दिलेली टोपणनावं) मिळत नाहीत. पाथ हे असंच व्हेरिएबल, त्यात कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी असते. तो लॉगिनच्या वेळी एकदा लावला की पुरतो, एलियस मात्र प्रत्येक नव्या शेलला पुन्हा सांगावे लागतात. पाथ वाढवणारी ओळ .बॅशआरसीत टाकलीत तर शेलच्या आत शेल उघडताना तीच डिरेक्टरी पुन्हा पुन्हा जोडली जाते.

स्क्रिप्ट, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड, चालवणारा शेल सहसा लॉगिनही नसतो आणि इंटरॲक्टिव्हही नसतो, त्यामुळे तो यांतलं काहीच वाचत नाही. हाताने नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'कमांड नॉट फाउंड' म्हणते ती बहुधा याच कारणानं.

झेडएसएच या दुसऱ्या शेलची रीत वेगळी: .झेडएसएचएनव्ही कायम, लॉगिन असेल तर .झेडप्रोफाइल, इंटरॲक्टिव्ह असेल तर .झेडएसएचआरसी, शेवटी लॉगिनसाठीच .झेडलॉगिन. एक सापडली म्हणून दुसरी सुटत नाही. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकवर नव्या खात्यांना हाच शेल मिळतो आणि तिथलं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं. त्यात /ईटीसीमधली झेडप्रोफाइल पाथ_हेल्पर नावाचा प्रोग्राम चालवते आणि तो सिस्टिमच्या डिरेक्टरी पाथमध्ये पुढे आणून ठेवतो. .झेडएसएचएनव्हीमध्ये सर्वांत पुढे लावलेली तुमची डिरेक्टरी त्यामुळे मागे पडते. मॅकवर ती ओळ .झेडप्रोफाइलमध्ये लिहावी.